पटावरचे मूल, फडावरचे मूल
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दारिद्र्याच्या आकड्यांविषयी कार्यकर्त्यांच्या मनात दोन टोकांच्या भावना आढळतात. काहींना ते वेदवाक्य वाटतात, तर काहींना निव्वळ लबाडी. दोन्ही भूमिका आळसाच्या आहेत. आकडा कोणी, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या दारात उभे राहून मोजला, हे विचारणे हाच खरा मार्ग होय. धाराशिव जिल्ह्यातील शाळकरी मुलांच्या दारिद्र्याचा प्रश्न याच कसोटीवर तपासला पाहिजे.

आपल्या खर्च-पाहण्यांत मूल स्वतंत्रपणे मोजलेच जात नाही. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली २२५० उष्मांकांच्या आहाराच्या आधारे दारिद्र्याची चर्चा शास्त्रीय पायावर उभी केली. तेव्हाही आणि पुढेही मोजमाप राहिले ते कुटुंबाच्या दरडोई खर्चाचे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ साली ग्रामीण महाराष्ट्राची दारिद्र्यरेषा दरमहा दरडोई ९६७ रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ३२ रुपये होती, आणि २४.२ टक्के ग्रामीण जनता तिच्याखाली होती. परंतु हे प्रमाण मुलांना जसेच्या तसे लावता येत नाही. समजा, शंभर कुटुंबांपैकी वीस गरीब आहेत; गरीब घरात तीन मुले, इतरांत दोन. गरीब कुटुंबे २० टक्केच. पण एकूण २२० मुलांपैकी ६० मुले, म्हणजे २७ टक्के, गरीब ठरतात. सरासरी हे अंतर झाकून टाकते.

नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकात शाळेतील उपस्थितीचा निकष आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. त्या निर्देशांकानुसार महाराष्ट्रातील गरिबांचे प्रमाण २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात सुमारे १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या खाली आले. मात्र ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवर तो आधारलेला आहे, तिथे प्रश्न असा असतो : मूल या शालेय वर्षात केव्हा तरी शाळेत गेले काय? जूनपासून दिवाळीपर्यंत गेलेले मूलही 'होय' या रकान्यात बसते.

आणि नेमकी येथेच धाराशिवची गोष्ट सुरू होते. भूम, वाशी, कळंब या भागांतील कोरडवाहू आणि भूमिहीन कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात, ती मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यामागे मूल असते : धाकट्याला सांभाळणारे, पाणी आणणारे, वाढे बांधणारे. उचलीच्या हिशेबात त्याच्या श्रमाची नोंद नसते.

शासकीय मोजणीचे दिवस आता पाहावेत. शाळांच्या वार्षिक माहितीची संदर्भ-तारीख ३० सप्टेंबर. टोळ्या तेव्हा निघालेल्या नसतात. शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी एकदिवसीय सर्वेक्षण झाले ४ जुलै २०१५ रोजी. त्या वेळी मुले गावातच असतात. उलट २०११ ची जनगणना फेब्रुवारीत झाली. त्या काळात घरापासून दूर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजला जातो. म्हणजे मूल पटावर मोजले जाते धाराशिवात आणि माणूस म्हणून मोजले जाते कारखान्याच्या जिल्ह्यात. पुढील जनगणनेची संदर्भ-तारीखही १ मार्च २०२७ अशीच ठरविण्यात आली आहे. यात कोणाचे कारस्थान आहे असे मानण्याचे कारण नाही. मोजणीचे पंचांग स्थिर घराच्या माणसासाठी आखलेले आहे, एवढेच.

अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही जनगणना कार्यालय प्रत्येक शाळा-विभागातील ५ ते १७ वयाच्या गरीब मुलांचा अंदाज दरवर्षी प्रसिद्ध करते आणि शिक्षणाचा संघराज्यीय निधी त्यावरून वाटला जातो. आपल्याकडील खर्च-पाहण्यांचा नमुना आजवर राज्यापुरताच विश्वसनीय राहिला. २०१८ पासून 'आकांक्षित' म्हणविल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला आपल्या गरीब मुलांचा स्वतःचा अंदाज असू नये, हा विरोधाभास लहान नाही.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. मुलाला गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे स्थलांतरितांच्या यादीवर मंजूर होतात. ज्याचे नाव यादीत नाही, त्याची भाकरी त्या चुलीवर भाजली जात नाही. शाळेतले दुपारचे जेवण शाळेतच राहते. मूल मात्र फडावर असते. ६ ते १४ वयाच्या बालकांना १ एप्रिल २०१० पासून शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे; तो वर्षातून पाच महिने रजेवर जाऊ शकत नाही.

म्हणून मागणी साधी असावी. शाळांच्या पटाची दुसरी मोजणी दरवर्षी जानेवारीत व्हावी आणि ती सप्टेंबरच्या आकड्याशेजारी छापली जावी. शासन करील तेव्हा करील. शाखांनी वाट पाहू नये. दसऱ्याला गावातील प्रत्येक कोयत्यामागची मुले वहीत उतरावीत, जानेवारीत त्याच दारांवर पुन्हा जावे आणि दोन्ही याद्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. दोन आकड्यांतील फरक हाच त्या गावातील बालदारिद्र्याचा पहिला प्रामाणिक अंदाज ठरेल.