चौथ्या पानावरचं नाव



या लेखिका संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. 

अध्यक्षाने वर्षभरातल्या साहित्याचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. कादंबरी, कविता, आत्मकथन, बालसाहित्य अशी टिपणं मी काढलीही आहेत. ती स्मरणिकेत छापायला देते. आज मला एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. तो मी फार वर्षं मनात बाळगून आहे. बाईने लिहिलेल्या पुस्तकाचा मालक कोण?

बाईला लिहू दिलं जात नव्हतं, हे आपण पुष्कळ सांगितलं आणि सांगायलाच हवं होतं. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. मालतीबाई बेडेकरांचं नाव झाकलेलं राहिलं आणि ह. वि. मोटे या प्रकाशकाने ते झाकण्याची जोखीम घेतली. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून लिहीत आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवीत. 'जिणं आमचं' १९८६ साली पुस्तकरूपाने येण्याआधी ते लेखन वर्षानुवर्षं दडून होतं. या हकिकती प्रत्येक चर्चासत्रात सांगितल्या जातात, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. पण पुस्तक छापून झालं की आपण ते सुटलं असं मानतो. माझी तक्रार तिथून सुरू होते.

मी पुण्यातल्या छापखान्यांत मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलं. म्हणून सांगते, पुस्तकाचा मजकूर लेखिकेकडे दोनदा, कधी तीनदा तपासायला जातो. शीर्षकपान, हक्कपान, अर्पणपत्रिका ही सुरुवातीची पानं मात्र सगळ्यात शेवटी जुळतात. तोवर छपाईची घाई झालेली असते. त्या पानांचं मुद्रित लेखिकेकडे क्वचितच जातं. आणि नेमकं त्यातल्याच एका पानावर, बहुधा चौथ्या, बारीक टाइपात एक ओळ असते: सर्व हक्क कोणाचे. तिथे प्रकाशकाचं नाव मी पाहिलं आहे, नवऱ्याचं पाहिलं आहे, मुलाचंही पाहिलं आहे.

सोलापूरकडच्या एक शिक्षिका होत्या. कवितासंग्रहाचा सगळा खर्च त्यांनी भिशीच्या पैशातून केला. प्रकाशकाशी बोलणं यजमानांनी केलं, कागदावर सही यजमानांची झाली, बाई शेजारी बसून होत्या. पुढे एका संपादकांना त्यातली एक कविता संकलनात घ्यायची होती. त्यांनी पत्र पाठवलं प्रकाशकाला. होकार त्याने दिला, मानधन त्याने घेतलं. बाईंना आपली कविता छापल्याचं कळलं ते शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना राग आलेला नव्हता. त्यांना वाटत होतं, असंच असतं. ते 'असंच असतं' मला आजही सहन होत नाही.

आपल्यातल्या काही मान्यवरांचं म्हणणं, स्वखर्चाने काढलेलं पुस्तक हे पुस्तकच नव्हे, त्याची चर्चा संमेलनात कशाला? मी दोन्ही प्रकारच्या पुस्तकांच्या मुद्रितांवर खुणा केल्या आहेत. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दोन्हीकडे सारख्याच, आणि अंगावर काटा आणणारी पानंही दोन्हीकडे. पैसे बाईने दिले ही लाजेची गोष्ट नाही. पैसे देऊन पावती न मिळणं, किती प्रती छापल्या आणि किती विकल्या याचा हिशेब न मिळणं, ही लाजेची गोष्ट आहे. आणि ती लाज तिची नाही.

दुसरे म्हणतात, आता ई-पुस्तकं आली, बाई घरबसल्या स्वतःच प्रकाशक होते, हा प्रश्न मिटला. माझ्या ओळखीच्या एका तरुण लेखिकेने तेच केलं. नोंदणी करताना पॅन नवऱ्याचा, बँकखातं नवऱ्याचं, कारण 'घरातले सगळे व्यवहार तोच बघतो.' पुस्तक उत्तम चाललं. रक्कम जमा होत होती, आणि किती होते आहे हे तिला विचारावं लागत होतं. मिटला का प्रश्न?

कायदा आपल्या बाजूने आहे, हे मला इथे ठणकावून सांगायचं आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार स्वतःहून लिहिलेल्या पुस्तकाची पहिली मालक लेखिकाच. हा हक्क तिच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी कागद लागतो आणि त्यावर तिची, किंवा तिने रीतसर अधिकार दिलेल्या माणसाची, सही लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरली जातात. चौथ्या पानावर कोणी नुसती ओळ छापली म्हणून हक्क जात नाही. हे सांगितलं की बायका मला विचारतात, 'मग आम्हाला कोणी सांगितलं का नाही?'

हक्क गेला की पुस्तकही जातं. नवी आवृत्ती काढायची कोणी, हे ठरवणारं माणूस उरत नाही. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्यात छापली गेली. ५०० प्रती, किंमत ९ आणे. जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ते पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापेपर्यंत. मधल्या काळातल्या मुली त्याच्यावाचून मोठ्या झाल्या. आजही किती लेखिकांची पहिली आवृत्ती हीच शेवटची ठरते आहे! प्रकाशकाचं दार बंद, मुलं परगावी, कागद कुठे ते कोणालाच माहीत नाही.

शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागू शकतं, तर तिने स्वतः लिहिलेल्या पुस्तकावर का लागू नये?

म्हणून या संमेलनाने काही कामं अंगावर घ्यावीत. मराठीत, साध्या भाषेत, दोन पानांचा नमुना करारनामा तयार व्हावा. लेखिकांच्या अनुपलब्ध झालेल्या पुस्तकांची यादी जिल्हावार सुरू व्हावी. वाद झाला तर सल्ला देणारे दोन-तीन वकील आपल्याशी जोडलेले असावेत. हे कोणी करायचं, पैसा कुठून आणायचा, ते कार्यकारिणीने बसून ठरवावं. मी माझा वेळ देते, मुद्रितं तपासून देते.

माझं वय झालं. आणखी किती संमेलनं पाहीन, ठाऊक नाही. पण ठरावांची वाट पाहत बसायचं कारण नाही. उद्या घरी गेल्यावर आपापल्या पुस्तकाचं चौथं पान उघडा. तिथे दुसऱ्याचं नाव असेल आणि तुम्ही कुठेही सही केलेली नसेल, तर प्रकाशकाला पत्र लिहा. पुढच्या छपाईत माझं नाव घाला, आजवरच्या विक्रीचा हिशेब द्या, एवढंच लिहा. खाली तारीख घाला, स्वतः सही करा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.