भपक्यातलं पाणी

मुंजीला, लग्नाला, चैत्रातल्या हळदीकुंकवाला दारात गुलाबदाणी घेऊन एखादी परकरी पोर उभी असते. चार थेंब अंगावर पडले की पाहुणा रीतसर आत आला. पेशवाईतल्या दरबारात अत्तर-गुलाब आणि विडे झाले की बैठक आटोपली असं समजत. म्हणजे हे गुलाबपाणी आपल्याकडे स्वागतालाही आणि निरोपालाही. हल्ली तेच फवाऱ्याच्या देखण्या बाटलीत, 'हायड्रोसोल' या नावानं, चेहऱ्यासाठीचा नवा शोध म्हणून विकायला येतं. विकणारे सांगतात, फुलांचं तेल काढलं की मागे राहतं ते हे पाणी. इतिहास मात्र उलटा आहे. आधी पाणी होतं; तेल त्याच्यावर नंतर सापडलं.

सापडलं कसं, ते खुद्द मोगल बादशहानं लिहून ठेवलंय. जहांगीरच्या आत्मचरित्रात ही हकीकत आहे. त्याच्या बेगमेची, नूरजहानची, आई अस्मत बेगम गुलाबपाणी तयार करवून घेत होती. गरम गुलाबपाणी पसरट भांड्यांत ओतलं, तेव्हा वर पातळसा तवंग धरलेला तिला दिसला. तिनं तो थोडा थोडा करून वेचला. वास असा, की तळहाताला थेंबभर लावला तरी सारी मैफल दरवळावी. बादशहानं तिला मोत्यांचा सर बक्षीस दिला आणि त्याची सावत्र आई सलीमा सुलतान बेगम हिनं त्या तेलाला जहांगीरचंच नाव दिलं. शोध बाईचा, नाव जावयाचं! असो. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की त्या महालात गुलाबपाणी भांडी भरभरून होत होतं, आणि तेल हा त्याचा वरचा नफा ठरला.

हे पाणी काढायची जुनी रीत आजही पाहायची असेल तर उत्तर प्रदेशात कनौजला जावं. हर्षवर्धनाची राजधानी असलेलं हे गंगेकाठचं गाव आज अत्तरावर जगतं. मातीच्या भट्टीवर तांब्याचा मोठा हंडा, त्याला म्हणतात 'देग'. त्यात फुलं आणि पाणी. झाकण बसवलं की कडेनं चिकणमाती लिंपायची, वाफ जराही निसटता कामा नये. झाकणातून बांबूची नळी निघते, तिच्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली. नळीचं दुसरं टोक लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात, म्हणजे भपक्यात. आणि भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला. भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटतं ना, तसंच हे. फक्त इथे ते थेंब वेगळे धरून ठेवायचे. हौदातलं पाणी कोमट झालं की बदलायचं, लाकडं किंवा गोवऱ्या किती सारायच्या ते आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या उष्णतेवरून ठरवायचं. थर्मामीटर नाही, मीटर नाही. अत्तर करायचं असेल तर भपक्यात आधी चंदनाचं तेल घालतात, ते सुगंध शोषून घेतं. खाली राहिलेलं पाणी काढून पुन्हा देगेत, ताज्या फुलांवर. गुलाबपाणी हवं असेल तेव्हा भपका रिकामा ठेवायचा. उतरेल ते गुलाबपाणी. या धंद्याला आधुनिक मदत मिळावी म्हणून १९९१ साली कनौजला सरकारनं सुगंध विकास केंद्रही काढलं.

फूल कुठलंही चालत नाही. हाराचा टपोरा लाल गुलाब इथे कुचकामी. लागतो तो फिकट गुलाबी, विस्कटलेल्या पाकळ्यांचा देशी गुलाब. फाल्गुन-चैत्रात फुलतो म्हणून याला 'चैती' म्हणतात. अलीगढ-हाथरसच्या बाजूला त्याची शेतं आहेत. राजस्थानात हळदीघाटीच्या परिसरातही हाच गुलाब, नाथद्वाऱ्याला गेलेली आपली मंडळी तिथून गुलकंद आणि गुलाबजल घेऊन येतात. तोडणी पहाटे होते, कारण ऊन चढलं की पाकळीतलं तेल उडायला लागतं. एक किलो तेलासाठी तीन-चार हजार किलो फुलं. तेल का महाग, आणि सामान्य माणसाच्या वाट्याला पाणीच का, ते यावरून कळेल.

एकोणिसाव्या शतकात गुलाबपाण्यासाठी उत्तर प्रदेशातल्याच गाझीपूरचं नाव कनौजइतकंच मोठं होतं. तिथल्या गुलाबांची कीर्ती ऐकून रवींद्रनाथ टागोर १८८८ साली तिथे राहायला गेले. कविमनानं बुलबुल आणि बागा कल्पिल्या होत्या. प्रत्यक्षात दिसली व्यापाऱ्यांची शेतं. कविता मात्र तिथे भरपूर झाल्या.

आता त्वचेकडे येऊ. गुलाबाच्या वासात फिनाइल इथाइल अल्कोहोल नावाचा एक मोठा घटक असतो. तो पाण्यात चांगला विरघळतो. त्यामुळे ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफ करून ती थंड करताना, तो तेलात फारसा येत नाही, पाण्यासोबत जातो. म्हणून चांगल्या गुलाबपाण्याचा वास कित्येकदा तेलापेक्षा ताज्या फुलाच्या जवळचा लागतो. हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं, आपली त्वचाही तशीच; साबणानंतर ते चेहऱ्याला बरं वाटतं त्याचं एक कारण हे. गारवा वाटतो, ताण कमी झाल्यासारखा वाटतो, आणि उटणं किंवा मुलतानी माती कालवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. एवढं माझ्या मते पुरेसं आहे. मुरुमं जातील, डाग पुसले जातील, रंग उजळेल, ही आश्वासनं मी मनावर घेणार नाही. रंग उजळण्याचा तर आपण नादच सोडावा. आणि नुसतं पाणी शिंपडून थांबलात तर ते उडताना कोरड्या त्वचेला आणखी कोरडं करतं. चेहरा ओलसर असतानाच वर तेलाचं बोट किंवा क्रीम लावा.

बाजारातल्या पुष्कळ बाटल्यांत भट्टीचा संबंधच नसतो. शुद्ध पाणी, कारखान्यात बनवलेला तोच सुगंधी घटक आणि टिकाऊपणासाठी रसायन, झालं गुलाबजल. लेबलावर घटकांत 'परफ्यूम' दिसलं तर समजून जा. गुलाबी रंग दिसला तरी शंका घ्या; वाफेतून उतरलेलं पाणी पाण्यासारखंच दिसतं. घरी पाकळ्या उकळून गाळलेलं रंगीत पाणी हा काढा झाला, तो दोन दिवसांत आंबतो. खरं करायचं तर पातेल्यात पाकळ्या आणि पाणी, मधे उंच बैठकीवर वाटी, वर झाकण उलटं ठेवून त्यावर बर्फ. मंद आचेवर वाटीत उतरेल ते घ्या. फुलं मात्र औषध न फवारलेली हवीत, फुलवाल्याकडची नकोत.

अस्सल पाण्यात टिकवायचं रसायन नसतं, तेव्हा त्यात जंतू सहज वाढतात. बाटली काचेची, लहान घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. वास बदलला की ओतून द्या. नैसर्गिक आहे म्हणून सगळ्यांना सोसेल असंही नाही, गुलाबातल्या सुगंधी द्रव्यांची काहींना ॲलर्जी असते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहा. आणि डोळे आले, डोळे जळजळले की गुलाबपाण्याचे थेंब घालायची आपल्या घराघरांतली सवय आता बंद करा. बाटलीतलं पाणी निर्जंतुक नसतं. डोळ्यांसाठी डॉक्टर आहेत.