आधारपेशींचे आजार आणि अचूक निदानाची निकड

(वार्षिक सर्वसाधारण सभेत मेंदूविकार विभागातर्फे करण्यात आलेले भाषण)



मेंदूचा आजार म्हटला की आपल्या मनात येते ती चेतापेशी. आज आम्ही बोलणार आहोत ते तिला सांभाळणाऱ्या पेशींविषयी. १८५६ साली जर्मन शास्त्रज्ञ रुडोल्फ विरखॉव यांनी त्यांना ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिले. ‘ग्लिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ डिंक. चेतापेशींना चिकटवून ठेवणारा भराव, एवढेच त्यांचे महत्त्व तेव्हा मानले गेले. आपण त्यांना आधारपेशी म्हणू.

यांतील तीन प्रकार आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ऑलिगोडेंड्रोसाइट ही पेशी चेतातंतूंभोवती मायलिनचे स्निग्ध आवरण गुंडाळते. विजेच्या तारेवर वेष्टन असावे तसे. हे आवरण झडले की संदेश मंदावतो किंवा वाटेतच अडतो. ॲस्ट्रोसाइट, म्हणजेच तारकापेशी, आपल्या पावलांनी रक्तवाहिन्यांना वेढून पाणी व क्षार यांचा समतोल राखते. मायक्रोग्लिया ही मेंदूची पहारेकरी आणि सफाई करणारी पेशी. स्पेनचे पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ ते १९२१ या काळात ऑलिगोडेंड्रोसाइट व मायक्रोग्लिया यांची स्वतंत्र ओळख पटवून दिली.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात पुढील चित्र परिचयाचे आहे. ऐन तारुण्यातील मुलीच्या एका डोळ्याची दृष्टी दोन-चार दिवसांत मंदावते. एखाद्या गृहिणीचे पाय बधिर होऊन लघवी अडते. शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडने उतार पडतो आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. खरा प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतो. शरीराच्या रोगप्रतिकारक शक्तीने नेमका कोणावर घाव घातला?

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मायलिन आणि ते घडविणारी ऑलिगोडेंड्रोसाइट यांची हानी होते. फ्रान्सचे युजीन देविक यांनी १८९४ साली वर्णिलेला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार दीर्घकाळ त्याचाच एक प्रकार समजला जाई. २००४ साली या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड आढळले. २००५ साली त्याचे लक्ष्यही उमगले. ते मायलिन नसून तारकापेशीच्या पावलांवरील ॲक्वापोरिन-४ हे पाण्याची ये-जा राखणारे प्रथिन होते. म्हणजे येथे आधी तारकापेशी कोसळते आणि तिच्यामागोमाग मायलिन झडते. तिसऱ्या एका आजारात मायलिनच्या बाह्य पृष्ठभागावरील ‘मॉग’ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. तो लहान मुलांतही आढळतो.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसवर अनेक वर्षे वापरले गेलेले इंटरफेरॉन-बीटा हे औषध न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाच्या रुग्णाला अपायकारक ठरू शकते. त्याला वेगळी औषधे लागतात आणि ती वेळेवर लागतात. कारण या आजारातील अपंगत्व मुख्यत्वे एकेका उद्रेकाने साठत जाते. पुढचा उद्रेक टळला तर उरलेली दृष्टी वाचते. म्हणूनच एमआरआयच्या जोडीला प्रतिपिंडांची रक्ततपासणी, तीही शक्यतो जिवंत किंवा प्रक्रिया केलेल्या पेशींवर आधारित पद्धतीने, होणे अगत्याचे असते.

मायक्रोग्लियाचे वर्तन दुहेरी आहे. झडलेल्या मायलिनचा केरकचरा ती उचलते, तेव्हाच नवे आवरण चढण्यास वाट मिळते. परंतु जुन्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये काही व्रणांच्या कडेला तीच धुमसत राहते आणि नवा उद्रेक नसतानाही रुग्णाची चाल हळूहळू बिघडत जाते. मेंदूत ऑलिगोडेंड्रोसाइट घडविणाऱ्या पूर्वपेशी प्रौढ वयातही असतात. त्यांच्याकडून दुरुस्ती करवून घेण्याचे संशोधन चालू आहे. ते आशादायक असले तरी गेलेले आवरण खात्रीने परत आणणारे औषध आज आमच्या हाती नाही, हे आप्तेष्टांना स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

जे हाती आहे ते मात्र पैशांवाचून अडू नये. तपासणीचा खर्च, वर्षानुवर्षे खंड न पडता घ्यावयाची औषधे आणि नियमित व्यायामोपचार, या तिन्हींचा भार सामान्य कुटुंबाला पेलवत नाही. बरे वाटते म्हणून किंवा पैसे संपले म्हणून औषध थांबते आणि पुढचा उद्रेक रुग्णाची दृष्टी किंवा पाय घेऊन जातो. आपण दिलेल्या देणगीचा विनियोग या खंडाच्या काळासाठी व्हावा, अशी आमची विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. आप्तेष्टांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे, याचीही त्यांनी नोंद घ्यावी.

ज्या पेशींना एके काळी नुसता भराव म्हटले गेले, त्या खचल्या की चेतापेशीही उभी राहू शकत नाही. रुग्णाच्या उशाशी रात्र काढणारे आप्त आणि नाव न सांगता निधी देणारे दाते यांच्याविषयीही आमचा अनुभव असाच आहे. आपला हा आधार असाच लाभत राहो, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.