लेबर रूममधली भाषा

मुलींनो, आणि शेवटच्या रांगेत अंग चोरून बसलेल्या मुलांनो,

शिरढोणला आलेला पाहुणा वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव घेतल्याशिवाय माइक सोडत नाही. मीही घेते. 1845 साली या गावात जन्मलेले वासुदेव बळवंत 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनमध्ये कैदेतच वारले. त्याच महिन्यात बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात सतरा वर्षांची एक मराठी मुलगी भर सभेत इंग्रजीतून सांगत होती, की मी डॉक्टर व्हायला अमेरिकेला का चालले आहे. तिचं मूल जन्मानंतर दहाच दिवसांत गेलं होतं. आनंदीबाई जोशी. 1886 साली फिलाडेल्फियाला ती डॉक्टर झाली; तिच्या प्रबंधाचा विषयही बाळंतपणाचाच होता. नवऱ्याच्या पोस्टातल्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता करत तिचं इंग्रजी पक्कं झालं होतं. बोटीत बसली तेव्हा भाषा तिच्या गाठीला होती.

तुमच्यातल्या काही जणी जर्मन शिकताहेत. 2024 साली महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल कामगारांचा करार केला, तेव्हापासून हे क्लास जोरात आहेत. तिथे नर्स म्हणून उभं राहायला साधारणपणे बी-2 पातळीचं जर्मन लागतं. पण ऐका, आपल्याकडे एकाच नोंदणीत तुम्ही नर्सही होता आणि मिडवाइफही. जर्मनीत सुईणीचा पेशा वेगळा आहे आणि 2020 पासून तो पदवीचा अभ्यासक्रम झाला आहे. म्हणजे बाळंतपणं करायची असतील, तर तिथे पुन्हा विद्यार्थिनी व्हावं लागेल.

क्लासमध्ये तुम्ही आधी हुकूम शिकाल. श्वास घ्या, जोर लावा, आता थांबा. ते आठवड्याभरात जमतं. अडतं ते उत्तरापाशी. कळा देणारी बाई पुस्तकातलं बोलत नाही. अर्धं वाक्य दात आवळून म्हणते, उरलेलं तिच्या माहेरच्या बोलीत.

आपल्याकडेच बघा ना. केरळहून नवी आलेली सिस्टर बाळंतिणीला विचारते, त्रास होतोय का? बाई म्हणते, नाही, जरा अंगावरून जातंय. सिस्टर मान डोलावून पुढच्या खाटेकडे वळते. शेजारची मावशी मात्र लगेच विचारते, लाल की पांढरं? किती घड्या भिजल्या? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव असा साध्या आवाजात सांगितला जातो, आणि तिथे दहा मिनिटंही फार असतात. त्या मावशीपाशी बसून शिका. परदेशातही अशी मावशी प्रत्येक वॉर्डात असते, फक्त तिचा गणवेश वेगळा.

मोबाइलमधल्या भाषांतराला मी नावं ठेवत नाही. पण रक्ताने भरलेल्या ग्लोव्हजनी मोबाइल धरता येत नाही. आणि नवऱ्याला दुभाषा करू नका. आधी गर्भपात झालाय का, घरी मारहाण होते का, या प्रश्नांची खरी उत्तरं नवऱ्याच्या तोंडून कशी येतील? एवढे दोन प्रश्न तरी तुमच्या तोंडून, तिच्या भाषेत, तिला एकटीला विचारता आले पाहिजेत. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत हेच केलं. बायकांजवळ बसून, त्यांच्याच शब्दांत त्यांची दुखणी ऐकली. त्या गप्पांचं ‘कानोसा’ हे पुस्तक व्हिसाची फाइल घेण्याआधी वाचा.

जे इथेच राहणार आहेत, त्यांनी सुटलो म्हणू नये. पनवेलच्या आसपासच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. गरोदर बाईची नोंद एका गावात, नववा महिना दुसऱ्या गावात. ती आपल्यापुढे येते तेव्हा तिची बोली आणि तुमची प्रमाण मराठी यांत बरंच अंतर असतं. ती गप्प बसते, आणि आपण केसपेपरवर ‘तक्रार नाही’ लिहून मोकळे होतो. जर्मनसाठी तुम्ही दोन-दोन वर्षं क्लास लावता. कातकरी बोलीचा क्लास कुणी काढलेला मी पाहिलेला नाही, पण वाडीवरची आशाताई शिकवायला तयार असते, तेही फुकट. भट्ट्या सुरू व्हायच्या आत तिला गाठा. तारखा, कळा, रक्त, बाळाची हालचाल, एवढ्यापासून सुरुवात करा.