शीतगृहांतील रक्त

घरांतल्या वृद्धांना नांवें आठवेनाशीं झालीं, कीं आपण त्यांच्या वयाला दोष देतों. पण हा विसर मुळांत सुरू कधीं झाला? दुखणें जडल्यावर घेतलेलें रक्त हें सांगूं शकत नाहीं. तें धडधाकटपणींच घेऊन ठेवलेलें असावें लागतें.

ब्रिटनमध्यें नेमकें हेंच केलें आहे. २००६ ते २०१० या काळांत ४० ते ६९ वयाच्या ५ लाख लोकांनीं ‘यूके बायोबँक’ या संस्थेला आपलें रक्त दिलें. तें उणे ८० अंशांवर गोठविलें, आणि देणाऱ्यांच्या प्रकृतीची नोंद वर्षानुवर्षें चालू राहिली. पेढींतल्या ठेवीसारखेंच हें. मात्र व्याज मिळावयाचें तें दुसऱ्याला! २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अशा ५२ हजारांवर लोकांच्या रक्तांतील प्रथिनें तपासलीं. ज्यांना पुढें स्मृतिभ्रंश झाला, त्यांच्या रक्तांत ‘जीएफएपी’ हें मेंदूंतील पेशींचें प्रथिन निदानापूर्वीं निदान दहा वर्षें तरी बदलूं लागलेलें आढळलें.

अर्थात् बोलावलेल्या शंभरांतले पांचसहाजणच आले, तेही बहुधा सुस्थितींतले. त्यांवरून साऱ्या समाजाचें माप घेतां येणार नाहीं.

मला टोंचते ती गोष्ट निराळीच. साठविलेल्या रक्तांत जें सांपडेल तें देणाऱ्याला कळवावयाचें नाहीं, असें आरंभींच ठरलें होतें. गटावरून काढलेला निष्कर्ष एकट्या माणसाला लावणें धोक्याचें, म्हणून हें रास्तच. हें जाणूनच लोकांनीं सह्या केल्या. मीहि केली असती; पण पत्नीला काय सांगितलें असतें, कोण जाणे!