डोळ्यातील लोखंडाचा कण
(मंद्रूप, तालुका दक्षिण सोलापूर येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



सोलापूर-विजयपूर रस्त्याच्या या पट्ट्यात लोहाराच्या भात्याशेजारी आता वेल्डिंगचे यंत्र आणि ग्राइंडर आले आहेत. उसाच्या ट्रॉल्या, नांगर, पंप येथेच दुरुस्त होतात. विहिरीवर छिन्नी आणि सुतकी चालतेच. या साऱ्या कामांत कण उडतो. तो डोळ्यात गेल्यास काय होते, एवढाच आजचा विषय. मी वैद्य नव्हे. वैद्यकशास्त्राला ज्ञात असलेली माहिती आपणांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम.

ग्राइंडरचा कण बहुधा पारपटलात, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्यात, रुततो. डोळा लाल होतो, खुपतो, उजेड सोसवत नाही. लवकरच कणाभोवती गंजाचे कडे धरते. हा रुग्ण वेदनेपायी स्वतःच दवाखाना गाठतो.

छिन्नीचा कण निराळा. घाव खाऊन छिन्नीचे डोके पसरते, त्याच्या कडांना पाकळ्या सुटतात. त्यातील एखादी कपची वेगाने उडून पारपटल भेदते आणि थेट आत जाते. छिद्र इतके बारीक की ते आपोआप मिटू शकते. वेदना क्षणभराची, दृष्टीही कित्येकदा शाबूत. माणूस डोळा चोळतो आणि पुन्हा सुतकी उचलतो. फसगत होते ती येथेच.

आत राहिलेले लोखंड गंजत जाते. या विकाराला सिडरोसिस म्हणतात. काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनी बुबुळ तपकिरी होते, भिंगावर गंजाचे ठिपके उमटतात, मोतीबिंदू होतो आणि दृष्टिपटल निकामी होऊ लागते. अंधारात कमी दिसणे हे याचे एक लक्षण. रातांधळेपणा म्हटला की आपणांस 'अ' जीवनसत्त्व आठवते, आणि ते योग्यच. परंतु तो एकाच डोळ्यापुरता असेल, तर त्या माणसाने कधी लोखंडावर घाव घातला होता काय, हे अवश्य विचारावे. मेलेले दृष्टिपटल पुन्हा सजीव होत नाही. तांब्याचा तुकडा तर याहून उतावळा. शुद्ध तांबे थोड्याच काळात डोळ्यात तीव्र दाह निर्माण करते.

हिर्शबर्ग यांनी १८७९ मध्ये बर्लिन येथे विद्युतचुंबकाने असा कण बाहेर काढला होता. आज सूक्ष्म शस्त्रक्रियेने तो काढता येतो. मात्र तो आत आहे हे आधी कळावयास हवे. त्यासाठी क्ष-किरण किंवा सीटी तपासणी करतात. लोखंडाचा संशय असताना एमआरआय करू नये. त्या यंत्राच्या चुंबकाने कण जागचा हलून इजा वाढते.

पदराचे टोक, काडी, जीभ, सुई हे आपले नेहमीचे उपाय! ते सोडावेत. साधी धूळ गेली असल्यास स्वच्छ पाण्याने डोळा धुणे ठीक. परंतु घाव घालताना कण गेला असेल, तर डोळा धुऊ नये, दाबू नये, दुकानातून आणलेले थेंब घालू नयेत. डोळ्याला न टेकेल अशी वाटी वरून बांधावी आणि दुखत नसले तरी त्याच दिवशी सोलापूरच्या शासकीय रुग्णालयातील नेत्रविभागाकडे न्यावे.

कारखान्यांतील डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये करण्यात आली होती. दोन-तीन माणसांचे रस्त्याकडेचे दुकान तिच्या कक्षेबाहेरच राहिले. तेथे शब्द चालतो तो आपलाच. दुकानदारास दोन गोष्टी सांगाव्यात. छिन्नीच्या पाकळ्या वरचेवर घासून काढाव्यात. दुसरी गोष्ट चष्म्याची. वेल्डिंग करणारा काळी काच वापरतो, पण सांध्यावरील कीट हातोडीने झाडताना नेमकी तीच वर करतो. त्या वेळी बाजूंनी झाकलेला, न फुटणाऱ्या पारदर्शक काचेचा चष्मा डोळ्यावर हवा.

रुग्णाबरोबर चिठ्ठी देणारे पुष्कळदा आपणच असता. तीत नुसते 'डोळ्यात कचरा गेला' असे लिहू नये. 'छिन्नीवर घाव घालताना कण उडाला' असे लिहावे, वेळही घालावी. डॉक्टरांना आतला कण शोधण्याचे कारण त्या ओळीतूनच मिळते.