तार की आकाश?
(वर्तकनगर येथील सभेत केलेले भाषण)



आपल्याला वर्तकनगरात घरबसल्या इंटरनेट मिळते. पाड्यावर मात्र रेशन दुकानातले यंत्र अंगठा ओळखते ते नेटवर्क असेल तरच. नसेल तर धान्यासाठी पुन्हा हेलपाटा. म्हणून हा प्रश्न चैनीचा नव्हे, भाकरीचा आहे.

आज भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना २०११ साली मंजूर झाली. जमिनीवरून केबल ग्रामपंचायतीपर्यंत न्यायची, हा तिचा हेतू. केबल वेगवान असते आणि अनेकांना पुरते. पण पाडे पंचायतीपासून दूर, डोंगरात विखुरलेले. भामरागडला पर्लकोटेच्या पुराने रस्ता बंद झाला, तर तुटलेली केबल जोडायला जाणार कोण?

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांसाठी स्टारलिंकशी इरादापत्र केले. जुने दळणवळण उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, हे त्याहून कितीतरी खाली. म्हणून बोलताना खोळंबा होत नाही. छपरावरच्या अँटेनाला मोकळे आकाश आणि वीज पुरते. पण पाड्यावर वीजच जाते, आणि दरमहाचे बिलही असतेच.

तेव्हा केबल पोचेल तिथे केबलचाच आग्रह धरू. पोचणार नाही तिथे शाळा, दवाखाना आणि रेशन दुकान मिळून एक अँटेना असावा. देणगी देताना मात्र सौर बॅटरी, वर्षाचे बिल आणि ते सांभाळणाऱ्या पाड्यातल्याच एका मुलीचे प्रशिक्षण, एवढे सगळे हिशेबात धरा. नुसता अँटेना देऊन आपण मोकळे होऊ नये.